पिवळ्या पट्ट्याला किळस आली

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, मोटारसायकल बांधायचा. माझ्या दोन्ही टोकांना लोखंडी आकडे आणि मध्ये एक दातेरी खटका. खटक्याची मूठ खालीवर केली की कट् कट् आवाज होतो आणि मी आवळत जातो. जन्मलो तेव्हा मी हळदीसारखा पिवळा होतो. आज माझा रंग कोणता ते विचारू नका, कारण तो रंग नाही, मळ आहे. माझी कहाणी ऐकताना तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मला नाक असतं तर मीही मुरडलं असतं.

आधी चांगले दिवस सांगतो, म्हणजे पुढची घाण नीट कळेल. माझे धागे एका गिरणीत विणले गेले. मग मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच पिशवीत घालून दुकानात टांगलं. मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनी ओढून धरायचं असतं, म्हणून आम्ही नेहमी जोडीनेच विकले जातो. माझ्या पोटाशी एक पांढरी चिठ्ठी शिवलेली होती. मी किती ओझं पेलू शकतो ते तिच्यावर छापलेलं होतं. त्या चिठ्ठीचा मला भारी अभिमान होता.

वाळवंटातल्या कासा ग्रांडे गावच्या ऑरिन हॅस्केटने आम्हाला घरी आणलं. ऑरिन आणि त्याची बायको व्हर्ना यांच्याकडे एक लांबलचक ट्रेलर होता. त्याच्या पुढच्या भागात शेगडी, बेसिन, फ्रिज, आणि मागचा भाग मोटारसायकलींचा. मागची भिंतच खाली उतरायची आणि तिचा उतार व्हायचा, की गाडी थेट घरात. दोन्ही बाजूंना भिंतीला लागून कोच होते. ते उघडले की पलंग. म्हणजे एकाच खोलीत माणसं झोपायची, कांदा परतला जायचा आणि मधोमध मोटारसायकल उभी असायची. हिवाळा लागला की हे घर ट्रकमागे जोडून मंडळी यूमाच्या पलीकडे वाळूच्या डोंगरांवर जायची, आठवडाभर गाड्या उधळायची आणि परत यायची.

ऑरिन बांधायचा ते बघण्यासारखं असायचं. गाडी आत घेतली की तो पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये लाकडाचा एक ठोकळा सरकवायचा, म्हणजे शॉकअप पार तळाला बसत नाहीत. मग माझा एक आकडा जमिनीतल्या कडीत, दुसरा हँडलजवळ. दुसऱ्या बाजूला माझा भाऊ. मग तो आम्हाला हळूहळू आवळायचा आणि पुढच्या चाकाचे शॉकअप निम्मे दबले की थांबायचा. "त्यांना जरा श्वास घेऊ द्यावा," असं म्हणायचा. रस्त्यात पहिल्या थांब्याला मागचं दार उघडून आम्हाला बोटाने दाबून बघायचा. घरी आल्यावर आमच्या अंगातली वाळू पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि गुंडाळी करून कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. तो कॉफीचा वास अजून माझ्या मनात आहे. त्यानंतर मला जे वास मिळाले ते सांगायला जीभ रेटत नाही.

ऑरिनचा एक नियम होता. एकाने बांधलेल्या पट्ट्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. "दोन हात लागले की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने नीट बघितलं असेल," असं तो म्हणायचा. वाळूवर येणारी सगळीच माणसं हा नियम पाळतात. दुसऱ्याने बांधलेलं न विचारता तपासणं म्हणजे तोंडावर त्याला अडाणी म्हणणं. व्हर्ना स्वतः उत्तम गाडी चालवायची, स्वतःची गाडी स्वतः बांधायची, पण नवऱ्याच्या पट्ट्याला तिने कधी बोट लावलं नाही. मला तेव्हा तो नियम फार थोर वाटायचा.

मग एका उन्हाळ्यात ऑरिन झोपेतच गेला. व्हर्नाने ट्रेलर मुलीला आणि जावयाला दिला. मुलगी मार्लिस, जावई डॅरेल. आणि मित्रांनो, तिथून माझ्या नशिबाचे भोग सुरू झाले.

डॅरेल मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. दिलदार गडी. शेजाऱ्याची गाडी वाळूत रुतली तर हातातलं जेवण टाकून धावणारा. पण वस्तू कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच सहलीत त्याच्या दातात मक्याचा दाणा अडकला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या पोटावरची चिठ्ठी टराटरा फाडली, तिची घडी घातली आणि दात कोरले. माझा सगळा अभिमान त्याच्या दाढेत गेला. वर त्याने ती थुंकली, तीही माझ्याच अंगावर. शी!

तेवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण नाही. ट्रेलरच्या संडासाची टाकी रिकामी करायची एक जाड नळी असते. ती लोंबकळते म्हणून या गृहस्थाने ती मला बांधली. मला! आठवडाभर मी त्या नळीच्या गळ्यात गळा घालून होतो आणि तिच्या सांध्यातून जे गळत होतं ते माझ्या धाग्याधाग्यांत मुरत होतं. नंतर धुतलं का? छे. त्याच दिवशी, त्याच हातांनी, त्याने मला सोडलं आणि माझ्याच मदतीने बर्फाच्या पेटीचं झाकण आवळलं, जिच्यात सणाच्या जेवणाचा टर्की पक्षी ठेवला होता. सगळ्यांनी तो टर्की मिटक्या मारत खाल्ला. 

कुत्र्याचं तर विचारूच नका. 'बूमर' नावाचं ते धूड मला बांधलेलं असायचं. ते मला चावायचं, माझ्यावर लाळ गाळायचं आणि तंगडी वर करायची झाली तरी त्याला दुसरी जागा सुचायची नाही. मी काय त्याचं घोडं मारलं होतं? माझा भाऊ नशीबवान, तो बहुधा आतच पडलेला असायचा. दाराजवळच्या खिळ्यावर मी टांगलेला, म्हणून जो तो मलाच ओढायचा. बेकनची चरबी लागलेले हात पुसायचे तर माझ्यावर. बुटातला चिखल झाडायचा तर माझ्यावर.

पण घाणीने पट्टा मरत नाही. तो मरतो उन्हाने. एकदा उन्हाळाभर डॅरेलने मला अंगणात दोन खांबांच्या मध्ये ताणून ठेवलं आणि माझ्यावर चड्ड्या वाळत घातल्या. कासा ग्रांडेचं ऊन म्हणजे काय ते तिथल्या माणसांना विचारा. त्या उन्हात माझा पिवळा रंग उडाला आणि रंगाबरोबर माझं बळही उडालं. माझ्या कडा पिंजल्या. वरून मी पट्टा दिसत होतो, आतून माझा भुसा होत चालला होता.

व्हर्नाच्या ते लक्षात आलं. एके दिवशी मला नखाने खरवडून ती म्हणाली, "डॅरेल, हा पट्टा गेला रे. नवा आण."

"पट्टा कसा जाईल, सासूबाई?" डॅरेल हसला. "पट्टा आहे तो. दूध नाही नासायला!"

 पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?

आता त्या दिवसाचं सांगतो. त्या वर्षी वसंतात व्हर्ना घरात पडली होती आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "आता पुन्हा पडलात तर चालायचं विसरा." म्हातारी हट्टाची. आधी वॉकरची चौकट धरून, मग काठी धरून, मग भिंत धरून, असं करत करत नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात ती वाळूवर कशाचाही आधार न घेता चालली. शेजारच्या ट्रेलरमधली माणसं टाळ्या वाजवत होती आणि ही त्यांना म्हणत होती, "टाळ्या कसल्या वाजवताय, कॉफी आणा!" तिचं ते चालणं मी खिळ्यावरून पाहिलं. मित्रांनो, मला फार बरं वाटलं होतं.

आठवडा संपला. निघायची वेळ झाली. डॅरेलने आपली अवजड मोटारसायकल आत घेतली. पुढच्या चाकाशी उजवीकडे मी, डावीकडे माझा भाऊ. आणि हा बाबा खटका ओढायला लागला. कट् कट् कट् कट्. शॉकअप निम्मे बसले. थांबला नाही. पाऊण बसले. थांबला नाही. शेवटी ते पार तळाला टेकले, तरी त्याने दात-ओठ खाऊन आणखी एक ओढ दिली. मग तेलकट हाताने माझ्यावर सणसणीत थाप मारली आणि म्हणाला, "बस्स! आता हलायची बिशाद नाही!"

प्रत्येक वेळी तो असं करायचा. थाप मारायची आणि ते वाक्य म्हणायचं. ती थाप मला कधीच मानवली नाही. हात नेहमी चिकट.

व्हर्ना डावीकडच्या कोचावर उशी ठेवत होती. खुब्यामुळे तिला ट्रकमध्ये फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून येताना ती ट्रेलरमध्ये आडवी होऊन आली होती आणि जातानाही तशीच जाणार होती. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस ठेवू नये हे त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. पण सोय झाली की शहाणपण कोण विचारतो?

"डॅरेल, ठोकळा कुठाय?" व्हर्नाने विचारलं.

"कुठला ठोकळा?"

"चाकावर घालायचा. ऑरिनचा."

"अच्छा, तो होय! तो परवा शेकोटीत घातला. काय मस्त जळला!"

व्हर्नाने डोळे मिटले आणि उघडले. "बरं, जळला तर जळला. पण शॉकअप पार बसवलेस तू. जरा सैल कर. त्यात थोडा खेळ हवा."

"खेळ ठेवला की गाडी खेळते, सासूबाई. घट्ट म्हणजे घट्ट."

"अरे, अति तिथं माती. खड्डा आला की दणका कोण घेणार? शॉकअपला जागाच ठेवली नाहीस, मग सगळा हिसका पट्ट्याला. आणि पट्टा तर बघ कसा पिंजलाय!"

"तुमचा जावई बांधतो तेव्हा भूकंप आला तरी गाडी जागची हलत नाही."

"भूकंपाचं राहू दे. तू गाडी हाकणार आहेस, तेवढं पुरे आहे मला."

डॅरेल खो खो हसला. त्याला राग येत नाही, हाच त्याचा मोठा दोष. राग आला असता तर निदान विचार तरी केला असता. तेवढ्यात मार्लिस खुर्च्या घेऊन आत आली. "आई, नको ना सुरू करूस," ती म्हणाली. "आठवडाभर सगळं किती छान गेलं."

"मी कुठं काय सुरू केलं? मी ठोकळा विचारला."

"आई, प्लीज."

मार्लिस अशीच. नवरा आणि आई यांच्यात उभं राहायची वेळ आली की मूग गिळून गप्प. ती खुर्च्या ठेवून निघून गेली, डॅरेल ट्रककडे गेला. आत व्हर्ना आणि आम्ही. तिने माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केला. तिची बोटं माझ्या खटक्यावर आली. एकदा मूठ उघडली असती, दोन दाते सैल केले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. मी मनातून ओरडत होतो, "सोड, बाई, सोड!" पण तिने हात मागे घेतला. "ज्याचा त्याने बांधावा," ती स्वतःशीच पुटपुटली आणि कोचावर जाऊन पडली. ऑरिनचा नियम! नीट बांधणाऱ्यासाठी केलेला नियम असल्या माणसाच्या कामी यावा, याचीही मला शिसारी आली.

निघालो. यूमा मागे पडलं. शॉकअप तळाला टेकलेले, त्यांना खाली जायला जागाच नाही. चाक दबलं की मी सैल पडायचो आणि चाक उसळलं की मला हिसका बसायचा. सैल, हिसका, सैल, हिसका. माझ्या आतला एकेक धागा तुटत होता. थोड्या वेळाने शॉकअपचं ऑइलसील फुटलं आणि काळपट तेल ओघळून चाकाखाली साचायला लागलं.

वाटेवरच्या डेटलँड गावाला ट्रक थांबला. तिथे खजुराचा शेक प्यायल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. मला हायसं वाटलं. ऑरिन असता तर आत्ता मागचं दार उघडलं असतं. पण डॅरेल बाजूच्या छोट्या दाराने आत आला, दोन्ही हातांत दोन शेक.

"घ्या सासूबाई, थंडगार!"

"शेक ठेव. आधी खाली बघ. तेल आलंय. तुझं ऑइलसील गेलं."

"ओघळलं असेल थोडं. घरी गेल्यावर पुसतो."

"पुसतो काय? मागचं दार उघड, पट्टे सोड आणि परत बांध."

"मागचं दार उघडलं की माश्या शिरतात हो. या खजूरवाल्याकडे काय कमी माश्या आहेत?"

"मग मी ट्रकमध्ये येते."

"मागच्या सीटवर बूमर पसरलाय. मार्लिसचा आत्ताच डोळा लागलाय. आता थोडाच रस्ता राहिला. पडा तुम्ही निवांत."

व्हर्नाने उशी सरळ केली. मग म्हणाली, "जा बाबा." डॅरेलच्या बोटांवर शेक सांडला होता. ती बोटं त्याने माझ्यावर पुसली, सवयीने थाप मारली, "हलायची बिशाद नाही," म्हणाला आणि गेला. माझ्या उरल्यासुरल्या धाग्यांवर खजूर आणि आइस्क्रीमचा चिकटा बसला. मरणाच्या दारात उभा असतानाही माणसाने माझा फडक्यासारखा वापर केला, मित्रांनो.

पुढे एका ठिकाणी रस्ता खणून ठेवला होता. ट्रेलर दणादण आपटायला लागला. चाकाखाली तेल, त्यामुळे पुढचं चाकही सरकायला लागलं. हिसका बसला की माझा आकडा कडीवर टणकन वाजायचा. व्हर्ना उठून बसली. तिला तो आवाज ओळखू आला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझी कड उसवत चाललेली तिला स्पष्ट दिसली.

तिने फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. "मार्लिस, गाडी थांबवायला सांग. पट्टा तुटतोय."

मार्लिसचा झोपाळलेला आवाज आला. "डॅरेल, आई म्हणते थांब."

लांबून डॅरेलचा आवाज. "इथं कुठं थांबू? कडेला जागा नाही. पुढच्या हिला बेंड गावात थांबतो म्हणावं. सासूबाईंना माझं बांधलेलं पसंत नाही, दुसरं काय!"

"आई, तो म्हणतो पुढं थांबतो."

"मार्लिस, आत्ता! आत्ता थांबवा!"

"आई, जरा पड ना ग शांत. पोचतोयच आपण."

फोन बंद झाला. व्हर्नाने शिवी हासडली. तशी शिवी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तिने दोन्ही पाय खाली टेकवले. गाडी पडलीच तर डावीकडे पडणार, म्हणजे कोचावर, हे तिला कळलं होतं. तिला फक्त पुढच्या भागातल्या शेगडीच्या ओट्यापर्यंत जायचं होतं. थोडीच पावलं. धडधाकट माणूस ती सहज टाकतो. ती कोचाला धरून उभी राहिली आणि मी जीव तोडून धरून ठेवलं. माझ्यात जेवढे धागे होते, कुत्र्याने चावलेले, नळीने सडवलेले, उन्हाने जाळलेले, तेवढ्या सगळ्यांना मी विनवलं, "थोडा वेळ. ती तिकडे पोचेपर्यंत." तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं टाकलं.

मग मोठा खड्डा आला आणि मी मधोमध तुटलो.

मोटारसायकल भावाच्या बाजूला कलंडली. व्हर्ना तिच्या वाटेतच होती. हँडल तिच्या पाठीत बसलं आणि ती खाली गेली, त्याच खुब्यावर. गाडी तिच्या पायावर आली. ती ओरडली नाही. तेलात पडून "ऑरिन, ऑरिन," एवढंच म्हणत राहिली. बऱ्याच वेळाने ट्रेलर थांबला आणि दार उघडलं गेलं. मार्लिस किंचाळली.

व्हर्नाला हॉस्पिटलात नेलं. खुब्याचं पुन्हा ऑपरेशन झालं, पायाचं हाड बसवलं. डॉक्टरांनी जे आधी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, फक्त आता त्यात 'तर' उरला नव्हता.

इकडे अंगणात डॅरेल ट्रेलर धूत होता. जो येईल त्याला तो हकिकत सांगायचा. "पट्ट्याने दगा दिला हो! हल्ली मालच असला येतो. मी बांधलं होतं एकदम कडक, पण पट्टाच दगाबाज निघाला." शेजारी मान हलवायचे. "हो ना, हल्लीच्या वस्तू," म्हणायचे. एकदा मार्लिस आईचा गाऊन न्यायला ट्रेलरमध्ये आली होती, तेव्हाही तो हेच सांगत होता. ती दारात थांबली, तिने सगळं ऐकलं आणि गाऊन घेऊन गेली.

मित्रांनो, संडासाची नळी मी सोसली. कुत्र्याचं मूत सोसलं. दातात घातलेली चिठ्ठी सोसली. पण 'दगाबाज'? हा शब्द माझ्याने सोसवला नाही. इतकी किळस मला कुठल्याच घाणीची आली नव्हती. हाताने केलेली घाण धुता तरी येते, तोंडाने केलेली कुठल्या पाण्याने धुणार?

आणि एवढं करून त्याने मला फेकलं का? नाही! माझी दोन तुटकी टोकं घेतली आणि त्यांची गाठ मारली. पट्ट्याला गाठ मारणं हे आमच्यात सर्वांत मोठं पाप आहे, कारण गाठीवरच पट्टा तुटतो. "होईल कशाला तरी," असं म्हणून त्याने मला खिळ्यावर टांगलं.

कित्येक आठवड्यांनी व्हर्नाला घरी सोडायचा दिवस आला. डॅरेल मला ट्रकमध्ये टाकून घेऊन गेला. हॉस्पिटलच्या आवारात त्याने सासूला उचलून अलगद पुढच्या सीटवर बसवलं. उरली तिची चाकांची खुर्ची. ती त्याने ट्रकच्या मागच्या हौद्यात चढवली, मला काढलं, आकडे लावले आणि खटका ओढायला लागला. कट् कट् कट् कट्. खुर्चीचा पत्रा करकरला. माझी गाठ ताणली गेली.

"डॅरेल," मार्लिस शेजारी येऊन म्हणाली, "चाकू दे."

त्याच्या कमरेला चाकू असतोच. काहीतरी सोलायचं असेल असं समजून त्याने दिला. मार्लिस हौद्यात चढली आणि तिने मला कापायला घेतलं.

"अगं, अगं! वेडी झालीस? चांगला आहे तो!"

"चांगला आहे?" मार्लिस थांबली नाही. "मग गल्लीभर काय सांगत होतास, याने दगा दिला म्हणून? दगाबाज असेल तर माझ्या आईच्या खुर्चीला कशाला बांधतोस? आणि चांगला असेल तर आईला कोणी पाडलं ते सांग."

डॅरेलने खटक्यावरचा हात काढला. 

"आणि मी फोनवर तिला म्हणाले, पड शांत," मार्लिस म्हणाली.  "मी म्हणाले. माझ्या तोंडाने."

ट्रकची काच खाली झाली. व्हर्ना सगळं ऐकत होती. डॅरेल खिडकीपाशी गेला. त्याने टोपी काढली. तो मोठा थोराड माणूस नखं कुरतडत उभा होता.

"मीच जास्त ताणला होता," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं. डेटलँडलाही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," व्हर्ना म्हणाली.

"पट्ट्याचा दोष नव्हता."

"नव्हता."

 मग व्हर्नाने मान वळवून मागे हाक मारली. "मार्लिस, दोन तुकडे करून थांबू नकोस. बारीक कर. नाहीतर तुझा नवरा त्यालाही गाठी मारील."

डॅरेलला हसू आलं नाही. तो हौद्यात चढला, बायकोच्या हातातून चाकू घेतला आणि उरलेला मी त्याने स्वतः कापला. वीतभर, वीतभर. कापताना त्याचे हात कोरडे होते. मग त्याने मला आवारातल्या डब्यात टाकलं, खुर्ची मांडीवर धरली आणि हौद्यातच बसून घरी निघाला. ट्रक मार्लिसने चालवायला घेतला.

मित्रांनो, मी आता हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या डब्यात आहे. माझ्यावर कुणीतरी अर्धं सँडविच टाकलंय आणि त्याला वास येतोय. पण मी कुणाचं काही बांधून ठेवलेलं नाही आणि माझ्या भरवशावर कुणी झोपलेलं नाही, हे सुख मोठं आहे. व्हर्ना मात्र आता वाळूवर चालणार नाही.

तुमच्याही घरात एखादा पट्टा असेल, दोर असेल, साखळी असेल. त्याला धुवा, सावलीत ठेवा, त्याच्या कामाखेरीज दुसरं काम सांगू नका. ओढायचा तेवढाच ओढा. आणि घरातली म्हातारी म्हणाली की हा गेला, तर तिच्याशी वाद घालत बसू नका. तिच्यासमोर त्याचे तुकडे करा.